दुसरं फावडं

तोमासा : साल कसं विसरेन? माझ्या लेकीचा, हासिंताचा बाप्तिस्मा झाला, त्याच वर्षी तू हे पार्रास गाव सोडलंस. एकोणीसशे सत्त्याहत्तर.

लिब्रादो : घरची वाइन ढोसून पाण्याच्या पाळीवर झोपलो, तेही सांग ना, ताई. माझ्यामुळे द्राक्षाची तीनशे रोपं करपली.

तोमासा : नवी लावण होती. पुढची पाळी वीस दिवसांनी. या वाळवंटात काय वाचणार?

लिब्रादो : बाबा चकार शब्द बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या, तर राहिलो असतो.

तोमासा : आणि तू टेक्सासात जाऊन एकतीस वर्षं तोंड शिवून बसलास. शोभतोस खरा त्यांचा मुलगा!

लिब्रादो : आत जाऊ? माफी मागायचीय, एवढंच.

तोमासा : परवापासून वाचा बंद आहे त्यांची. शेवटचं बोलले ते एवढंच, 'गुरुवारी पाटाची दारं कोण धरणार?' आज गुरुवार.

लिब्रादो : बाप असा पडलाय, आणि मी पाणी देऊ?

तोमासा : पाणी कुणासाठी थांबतं? जा. फावडी दोन्ही ने.

लिब्रादो : मी एकटा आणि फावडी दोन?

तोमासा : ने म्हटलं ना!

(पाटावर. आबुंदियो, म्हातारा पाटकरी, दारापाशी बसलेला.)

आबुंदियो : रोव दोन्ही. नासारियोच्या पाळीला दोन लागतात.

लिब्रादो : का, काका?

आबुंदियो : फावडं उभं तर माणूस हजर, हा पाटाचा कायदा. एकतीस वर्षं तुझा बाप दुसरं रोवत आला. आम्ही चिडवायचो, 'नासारियो, दुसरा गडी कुठाय रे?' तर म्हणायचा, 'डोळा लागलाय त्याचा. उठेल.'

लिब्रादो : मला ओळखलंत?

आबुंदियो : झोप बरीच लांबली की रे तुझी.

लिब्रादो : काका, दार उघडा. लवकर. पाणी भरून बाबांकडे जायचंय.

आबुंदियो : उघडतो. पण ती बघ, तोमासा येतेय. डोक्यावर ओढणीसुद्धा नाही तिच्या.

लिब्रादो : ताई? अगं, पाणी आत्ता सुटतंय. आलोच मी.

तोमासा : सावकाश भर. शेवटच्या वेलापर्यंत जाऊ दे पाणी.

लिब्रादो : ताई...

तोमासा : त्यांच्या कानात सांगितलं मी, 'लिब्रादो दारं धरायला गेलाय.' नुसता माझा हात दाबला. बाबा गेले रे. आज, बारा जून दोन हजार आठला, सकाळी अकराच्या घंटेला.