खाडीच्या तोंडाशी दिलेला शब्द

सभेचे अध्यक्ष माननीय गुरुदास केळुसकर, होडीमालकांचे पुढारी सहदेव राऊळ, देवळाचे मानकरी गुरुप्रसाद, जिला निरोप द्यायला आपण जमलो ती अक्षया, आणि देवबागच्या माझ्या बंधू-भगिनींनो,

ही मुलगी डॉल्फिनचा अभ्यास करायला आली, तेव्हा वाटलं, फोटो काढील आणि जाईल. तिने पाठीवरच्या पराच्या खाचांवरून एकेक डॉल्फिन ओळखला. कोण कुणाची आई, कोण कुणाच्या सोबतीने फिरते, हे टिपलं. मग याच सभागृहात सांगितलं, की आई मासे धरायला गेली की खाडीच्या तोंडाशी दुसऱ्या माद्या पिल्लाभोवती कडं करतात. इंजिनं घोंगावत आली की कडं फुटतं आणि पिल्लू एकटं पडतं.

काशीबाई पटकन म्हणाली, "गो बाय, ह्यां सांगूक इतक्यां शिकलंस? आमीव पोर शेजारणीकडे ठेवन बाजारात जातंव!"

अक्षया हसली. "व्हय गे काकी, पण तुमच्या शेजारणीच्या खळ्यात कोण होडी घालणा नाय."

आपण सगळे हसलो. हसून थांबलो नाही, हेही सांगितलं पाहिजे. गुरुप्रसादांनी देवळात गाऱ्हाणं घालून गावाच्या वतीने देवाला शब्द दिला, 'खाडीच्या तोंडाशी इंजिन बंद ठेवतलो,' आणि सगळा गाव एका आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

तो शब्द कुणी मोडला? कुणीच नाही!

पर्यटकांचा हंगाम आला. इंजिनं बंद, तर डॉल्फिन पळत नाहीत, जवळून दिसतात. मग एक होडी थांबली, तिला पाहून दुसरी, तिसरी. मुक्या होड्यांचं कडं झालं. पिल्लू आत राहिलं, आई बाहेर.

दोन दिवसांनी ती आई मेलेलं पिल्लू नाकाने वर उचलत फिरत होती. होडीतले पाहुणे टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, आई पिल्लाला खेळवतेय. अक्षया त्याच होडीत होती.

"आमी शबूद मोडूक नाय गो," सहदेव तिला म्हणाला. खरं आहे. मी म्हटलं, आता तिकडे होडी नेऊच नकोस. तर म्हणाला, "मी नाय न्हेलंय तर दुसरो न्हेतलो." तेही खरं आहे.

मित्रहो, मी जन्मभर भांडत आलो. खाणवाल्यांशी भांडलो, वाळूवाल्यांशी भांडलो. समोर कुणीतरी दुष्ट असायचा आणि माझा आवाज चढायचा. इथे कुणावर चढवू? सगळी माझीच माणसं, सगळी शब्दाला जागणारी.

अक्षयाच्या अभ्यासाची मुदत संपली, संध्याकाळी ती कुडाळहून गाडी धरील. डॉल्फिन तिथेच राहतील आणि होड्याही.

कुणी सुचवलं, की जाता जाता नवं गाऱ्हाणं घालूया. मी नको म्हटलं. तुम्ही नकार द्याल म्हणून नव्हे. तुम्ही पुन्हा मनापासून "व्हय म्हाराजा" म्हणाल, याची मला भीती वाटते.

अक्षया, तू आम्हाला आमचाच समुद्र दाखवलास, त्याबद्दल गाव तुझा आभारी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर सभेने पोटात घालावं. बाकीच्याची क्षमा जिच्याकडे मागायची, तिला आपली भाषा येत नाही.