पोळ्याच्या बैलाले जू नाई

पोळा तुमी गावात पायला असन, मी आफ्रिकेत केला! शांतिसेनेच्या ड्युटीवर होतो तवाची गोष्ट. आमी जवानाईनंच गाण्या-नाचाचा कार्यक्रम बसवला. कोणी भांगडा करे, कोणी जादू. मी अकोल्याकडचा, अन् त्या दिवशी नेमका पोळा. मी म्हटलं, मी बैल आणतो.

बिहारचा नायक यादव पुढं, केरळचा एक जवान मागं, वरतून ब्लँकेटची झूल, झाला बैल तयार! कॅम्पच्या बाजूचे गुराखीही पाहाले आलते. गुरांवर लेकरावानी जीव लावणारी माणसं ती. मी मोठ्यानं झडती, म्हणजे आमचं पोळ्याचं गाणं, म्हणत बैल फिरवला. तेवढ्यात मेजरसाहेबाले जोश आला.

"इसको ट्रॉली में जोतो! मेहमानों को घुमाएंगे!"

मी दोरी गच्च धरली. म्हटलं, आमच्याकडं पोळ्याच्या दिवशी बैलाले जुंपत नाईत, साहेब. मले नाई जमणार.

"अरे, ये बैल नहीं, नायक यादव है!"

"आज बैल है, साब."

दुभाष्यानं गुराख्याईले माहं म्हणणं सांगतलं, तसा त्याईच्यातला एक म्हातारा उठला. सरळ स्टेजवर आला, अन् आपल्या गळ्यातली मण्याची माळ काढून बैलाच्या गळ्यात घातली. साहेबानं गुपचूप ट्रॉली परत पाठवली. माही छाती अशी फुगली म्हणता!

कार्यक्रम संपल्यावर मी यादवले खुर्च्या उचलाले बोलावलं. गडी माळ मिरवत बसलेला.

म्हणे, "आज पोला है ना?"

साऱ्या खुर्च्या म्या एकट्यानं उचलल्या.