खूण नसलेला खांब

लेक: गाडीच्या लाकडी सांगाड्याचे तीन खांब झाले, छताच्या पट्ट्या झाल्या. आता ह्या डावीकडच्या खांबाला मुहूर्त कधी लागणार, मिस्त्रीकाका? दोन महिने नुसते त्याच्या आजूबाजूनं फिरताय.

मिस्त्री: लागेल, ताई. लाकूड वाळायला हवं ना. ओलं बसवलं की पीळ खातं, मग दार काही केल्या बसत नाही.

लेक: मागच्या आठवड्यात म्हणालात, वाळलंय म्हणून.

मिस्त्री: तुमच्यापुढे बोलायची सोय नाही. वकील व्हायला हवं होतं तुम्ही.

लेक: शाळेत शिकवते, तेच झालं की. थापा मारणारी चाळीस पोरं रोज समोर असतात.

मिस्त्री: अहो, तिथं हात नका लावू! पत्र्यानं कापेल.

लेक: पत्रा तर तुम्ही काढून ठेवलाय. आणि हे काय? हे लाकूडच नाहीये. नखानं खरवडलं तरी पडतंय.

मिस्त्री: भुसा आणि सरस आहे. वरून लांबी फासलीय. कुजकं लाकूड काढायच्या ऐवजी भोक बुजवलंय आणि पत्रा ठोकून दिलाय.

लेक: कुणी हो असला हलकटपणा केला?

मिस्त्री: असतात असे कारागीर.

लेक: बाकीच्या जुन्या खांबांवर पेन्सिलीनं अर्धी चकती काढलेली होती. ती तुमची खूण ना?

मिस्त्री: हो. तुमच्या लहानपणीही बाबांनी गाडी दुरुस्तीला माझ्याकडेच दिली होती. आमच्यात तशी रीत आहे. सांगाड्याचा जो तुकडा ज्यानं बसवला, त्यानं त्यावर आपली खूण करायची. वरून पत्रा बसतो, कुणाच्या नजरेला पडत नाही, पण करायची.

लेक: ह्याच्यावर नाहीये.

मिस्त्री: नाहीये खरी. चहा सांगू का?

लेक: नको. बाबा येतीलच इतक्यात, शेजाऱ्यांबरोबर निघालेत. ते यायच्या आत तुमच्याशी बोलायचंय. इतक्या वर्षांनी ही गाडी मी का काढली, ते तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.

मिस्त्री: गिऱ्हाइकानं सांगितलं तर ऐकावं. आपण कशाला खोदून विचारावं?

लेक: आई ह्याच दारातून पडली होती. माहितेय ना?

मिस्त्री: कानावर आलं होतं.

लेक: मी नऊ वर्षांची होते. वळणावर दार उघडलं आणि आई रस्त्यावर! कंबरेचं हाड मोडलं. पुन्हा कधी तिला नीट वाकता आलं नाही. बाबा तिथंच रस्त्यात बसले आणि म्हणाले, मीच दार नीट लावलं नाही. चौतीस वर्षं तेच म्हणतायत. घरातलं प्रत्येक दार तीनतीनदा ओढून बघतात, फ्रिजचंसुद्धा. गाडी शेडमध्ये ढकलली, वर ताडपत्री टाकली आणि नंतर तिकडे फिरकले नाहीत.

मिस्त्री: आणि आई?

लेक: गेल्या वर्षी गेली. काका, दार बाबांनी नीट लावलं होतं. मी आईच्या मागे बसले होते. कंटाळा आला म्हणून सीटच्या बाजूनं हात घालून दाराची मूठ चाळवत होते. कटकट वाजायची, मला मजा वाटत होती. आणि दार उघडलं.

मिस्त्री: ताई, अहो...

लेक: घाबरले, गप्प बसले. मग शाळा संपली, लग्न झालं, पोरं झाली, तरी गप्पच. बाबांना एकदा ह्या गाडीत बसवून सगळं सांगायचं ठरवलं होतं. पण आजच सांगून टाकते. गाडी पुरी होईस्तोवर माझा धीर टिकायचा नाही.

मिस्त्री: नका सांगू.

लेक: का?

मिस्त्री: नका सांगू म्हणतो ना! झालं ते झालं. ह्या वयात त्यांच्या जिवाला आणखी घोर कशाला?

लेक: काका, तुम्ही मला एवढं का अडवताय?

मिस्त्री: ते दार भिंतीला टेकवून ठेवलंय ना, त्याची कडी बघा. त्यात काय अडकलंय?

लेक: लोखंडाची पट्टी आहे. चार स्क्रू लोंबतायत.

मिस्त्री: ती पट्टी खांबावर असायला हवी. दाराची कडी तिच्यात अडकते, तेव्हा दार लागतं. मूठ फिरून दार उघडलं असतं, तर पट्टी खांबावरच राहिली असती. ती दाराबरोबर उपटून आलीय आणि कडी अजून बंदच आहे. दार लागलेलं होतं, ताई. दगा खांबानं दिला. भुशात स्क्रू किती तग धरणार?

लेक: म्हणजे माझ्यामुळे नाही?

मिस्त्री: तुमच्यामुळे नाही आणि साहेबांमुळेही नाही. त्या खांबावर खूण नाहीये, कारण मला ती करवली नाही.

लेक: तुम्ही?

मिस्त्री: मीच. तुम्हाला सुट्टीत फिरायला जायचं होतं. साहेब रोज येऊन विचारायचे, झाली का? एका खांबापुरतं वाळलेलं लाकूड कमी पडलं. म्हटलं, आता भरून देऊ, परत आले की बदलू. मग ऐकलं, बाई पडल्या. आणि साहेब स्वतःच म्हणत होते की दार लावलं नव्हतं. माझ्या पथ्यावरच पडलं. मीही तेच खरं मानून घेतलं. पण मनातून ठाऊक होतं, ताई. रोज ठाऊक होतं.

लेक: आईला स्वतःच्या चपलेचा पट्टा लावता यायचा नाही. बाबा खाली बसून लावून द्यायचे. आणि तुम्हाला ठाऊक होतं!

मिस्त्री: बोला. काय वाट्टेल ते बोला. मी ऐकून घेतो.

लेक: कुठल्या तोंडानं बोलू? गप्प तर मीही बसले.

(बाहेरून काठीचा आवाज जवळ येतो.)

बाबा: काय गं, गाडी बघायला बोलावलंस आणि रडतेस काय? मिस्त्री, ओळखलं का?

मिस्त्री: ओळखलं, साहेब. ह्या स्टुलावर बसा आधी. मला सांगायचंय काहीतरी, आणि थांबलो तर जमायचं नाही. त्या दिवशी दार लागलेलं होतं. तो खांब आतून कुजका होता आणि मी तो नुसता लांबी भरून तुम्हाला दिला होता. ही पट्टी बघा, अजून कडीतच आहे.

बाबा: लागलेलं होतं?

मिस्त्री: पक्कं लागलेलं होतं. चूक माझी आहे. तुम्ही इतकी वर्षं स्वतःला दोष देत राहिलात आणि मी देऊ दिला.

बाबा: थांबा, थांबा. बघू ती पट्टी इकडे. आणि समजा, आतून कुणी मूठ चाळवली असती तर?

मिस्त्री: तरी पट्टी अशी उपटून आली नसती.

बाबा: नक्की ना?

मिस्त्री: पोराबाळांची शपथ, साहेब.

लेक: बाबा, तुम्ही मुठीचं का विचारलंत?

बाबा: अगं, आरशात तुझा हात दिसत होता मला. रागावणार होतो, तेवढ्यात ते वळण आलं. म्हणजे... तू नव्हतीस?