ऐन आणि किंजळ

हे सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. काय सांगू तुम्हाला, विषय निघाला की उठून अंगणात जायचो.

मी मूळचा संगमेश्वराकडचा. रत्नागिरीत सुतारकाम शिकवणाऱ्या एका शाळेत लागलो आणि माझ्याकडे लाकडांचं कपाट आलं, म्हणजे आपल्या रानातल्या झाडांचे तळहाताएवढे तुकडे, शिसव, फणस, खैर, आसाणा, प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने नाव. कुणी अनोळखी लाकूड आणलं की त्यांच्याशी ताडून बघायचं. दार उघडलं की रान झोपेत श्वास सोडतंय असा वास यायचा, मी दुपारभर त्यातच बसून असायचो, घड्याळाकडे लक्षच नसायचं. ते तुकडे खाडीकाठच्या नाटे गावच्या सदू मिस्त्रींनी दिलेले. होड्या बांधायचे. लाकूड ओलं करून नुसतं हुंगायचे नि नाव सांगायचे.

एकदा तपासणीला साहेब येणार म्हणून मी, हौसच म्हणा, सगळे तुकडे रंधा मारून चकचकीत केले. नावंही रंध्याखाली गेली. बाकीचे ओळखले, पण ऐन आणि किंजळ, दोन्ही तपकिरी, सख्ख्या भावांसारखे. अंदाजाने चिठ्ठ्या चिकटवल्या.

पुढे मिस्त्री एका होडीमालकाबरोबर आले. वखारीतून ऐन म्हणून आलेलं लाकूड मिस्त्री त्याच्या होडीला लावेनात. ह्यो ऐन नाय, किंजळ हाय, म्हणाले. मालक म्हणाला, कपाटालाच विचारू. मी ताडून बघितलं, तर ते लाकूड ऐनाची चिठ्ठी लावलेल्या तुकड्याशी जुळलं. मालक हसला, म्हाताऱ्या, नाक गेलं तुझं, आता जाळी विणत बस. मिस्त्री माझ्याकडे वळले, भाऊ, तू सांग. त्यांचं नाक कधी चुकलं नव्हतं, चिठ्ठ्याच माझ्या हातून उलट्या लागल्यात हे मला त्याच क्षणी कळलं. तरी म्हटलं, चिठ्ठीवर ऐन आहे.

ती होडी दुसऱ्याने बांधली. मिस्त्रींना मग कुणी लाकूड दाखवेना.

एकदा त्यांच्या गावी, नाट्याला गेलो. खाडीवर ऊन सांडलेलं, मिस्त्री खरंच जाळं विणत होते. चहा दिला, सुके बांगडे बांधून दिले, कपाट बरं हाय ना, विचारलं. हो म्हटलं नि एसटीत बसलो. पावसाळ्यानंतर ते गेल्याचं कळलं.

परवा शाळेत जाऊन चिठ्ठ्या बदलल्या, सगळ्यांसमोर कारणही सांगितलं. पण ज्यांना सांगायचं ते नाहीत. वाक्य केवढंसं होतं बघा, मिस्त्री, तुमचं नाक खरं होतं, खोटा मी होतो, मला माफ करा.