पळाली नव्हे, पळवली!

मंडळी, मला सांगा — हातानं मारलं तर पाप. मग शब्दानं मारलं तर? "नुसता शब्द तर आहे, महाराज!" असंच ना? बरं! मग ऐका.

कालिंदी ढेरंगे. वय बावीस. शिवणकाम करून पोट भरणारी. एका दुपारी गावातला दिगंबर गाडी घेऊन दारात! "चल लवकर, आई शेतात पडली, दवाखान्यात नेलीय!" लेकीचा जीव तो — हातातलं झबलं टाकून बसली. दवाखाना आला — आणि मागं गेला! "थांबवा!" म्हणाली, तर दिगंबर म्हणतो, "उतरलीस तर भावाचे पाय मोडीन!" आणि एका आडगावच्या देवळात हिच्या गळ्यात हार! देवानंसुद्धा मान खाली घातली असेल हो!

चौथ्या दिवशी ती त्याच्या तावडीतून सुटली. लग्न रद्द करायला कोर्टाच्या आवारात टायपिस्ट खटावकरांपुढं बसली. म्हातारा म्हणाला, "इंग्रजीत करू. वजन पडतं!" — वजन! कागद आहे का कांदा? टायपून झालं. "सही कर, पोरी."

कालिंदीनं एकेक अक्षर लावलं. "काका, 'इलोप' म्हणजे?"

"पळून जाणं."

"मी पळाले नाही. मला पळवलं!"

"बरं, मग 'किडनॅप' करू? पण थांब — कायद्यात ते अज्ञान लेकराचं. सज्ञान माणसाला बळानं किंवा फसवून नेलं, तर 'अ‍ॅबडक्ट'. तुला कुठं ओढलं त्यानं? आपल्या पायांनी बसलीस!"

"फसवून म्हणालात ना आत्ताच? मग तोच शब्द घाला. नाहीतर सही नाही!"

 खटावकरांनी तो कागद टराटरा फाडला आणि नवा चढवला.

कोर्टात समोरचा वकील गरजला, "हात लावला का तुला? नाही! मग फोर्स कुठं?"

कालिंदी म्हणाली, "साहेब, माझ्या भावाचे पाय त्याच्या तोंडात होते. त्याला हात कशाला लागतोय?"

चौदा महिने लागले, मंडळी. तारखांवर तारखा! पण लग्न रद्द झालं. निकालात तिचाच शब्द!

कोर्टानं मानलं. आणि गावानं? ती अजून नळावर गेली की बाया कुजबुजतात — "हीच ती, पळून गेलेली!" हसू नका! आपल्याही गावात असेल अशी एक लेक. तिला काय म्हणता तुम्ही? आज घरी जाताना तिच्या दारावरून जा. आणि तिला तिच्या नावानं हाक मारा!