बिनसांध्याचं गलबत

— नाही, तो वाकस हातात घेऊन मी उभा राहणार नाही. तुझ्या साहेबांना सांग, ओरियानो लेन्चोनी नाही म्हणाला. तू बस, पोरी, तुझ्यावर राग नाही, तू हुकमाची ताबेदार. पण मला सांग, त्या यॉटच्या कारखान्यात आज लाकूड तासायला वाकस लागतो कुणाला? तयार सांगाडा दुसऱ्या गावाहून ट्रॉलीवर येतो, इथं वियारेज्जोत त्याला फक्त चकाकी देतात — आणि परदेशातला नवा मालक फिल्म काढणार, ‘शंभर वर्षांची हस्तकला’. हस्तकला! ते आवाज टिपायचं यंत्र हवं तर चालू ठेव, मला काय. लिही, की ती कला मारली कुणी हे लेन्चोनीला चांगलं ठाऊक आहे.

कुणी म्हणजे? आता विचारलंसच तर ऐक. ब्याऐंशी साल. कारखाना तेव्हा जुन्या दिनेल्ली मालकांचा, आम्ही चाळीस सुतार, आणि यॉट म्हणजे लाकडाची, दुसरी कसली असते हेच ठाऊक नव्हतं. फळीला फळी लावायची, लाकूड पाण्यात फुगतं म्हणून मधे बोटाच्या नखाएवढी फट ठेवायची आणि त्या फटीत ताग ठोकून वर डांबर — ते काम माझ्या मेहुण्याचं, नेल्लोचं. माझ्या बहिणीचा, इल्व्हाचा नवरा. हातोडीच्या आवाजावरून सांगायचा कुठला सांधा पाणी पिणार. वर्षानुवर्षं आम्ही दोघं एकाच मचाणावर, रविवारी एकाच टेबलावर. तर एक दिवस मालकांनी मला वर बोलावलं, दार लावून घेतलं. म्हणाले, बोटीचं बावीस मीटरचं एक अंग बांधायचंय, सगळं तुझ्या मर्जीनं, पण ते पाण्यात जाणार नाही. त्याच्यावरून साचा काढायचा, आणि साच्यातून फायबरच्या यॉटी, पोळ्या लाटाव्यात तशा. मी म्हटलं, मग सुतारांचं काय? ते म्हणाले, तू मुकादम राहशील. बाकीच्यांना साचा निघेपर्यंत कळता कामा नये, नाहीतर संप होईल.

मी काय म्हणालो? काहीच नाही. गप्प बसणं म्हणजे होकारच की.

खाली आलो आणि सगळ्यांना सांगितलं — एक अमेरिकन गिऱ्हाईक आहे, त्याला नव्या पद्धतीचं हवंय, फळ्या सरसानं चिकटवायच्या, फट ठेवायची नाही. लोकांनी मान डोलावली. मुकादम सांगतोय ना. अकरा महिने बांधत होतो आम्ही ते. आणि खोटं कशाला सांगू — मला ते काम आवडलं. हे नको टाकूस फिल्ममध्ये. तोवर प्रत्येक बोटीत कुणाचा ना कुणाचा हात असायचा, कुणाचं तरी ऐकावं लागायचं. हे सगळं माझं. पुढचा भाग असा वळवला होता मी, की म्हातारे सुतार जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन समोर बसून बघायचे. ज्यांना मी घरी बसवणार होतो, तेच माझी पाठ थोपटायचे, आणि मी थोपटून घ्यायचो.

मग? मग त्याच्यावर मेण चोळलं, फायबर अंथरून रेझिन ओतलं, साचा निघाला. माझं ते अंग करवतीनं कापून भट्टीत घातलं. सहा महिन्यांत लाकडाची शेड बंद. कुणी संगमरवराच्या खाणीवर ट्रक चालवायला गेला, कुणी केबिनमधली कपाटं ठोकायला लागला. नेल्लोला रेझिनवर घेतलं — उपकार म्हणून, माझ्या शब्दावर. ते हातोडीचे हात आणि तो कान, आणि काम काय, तर रोलर फिरवायचा. वर्षाच्या आत खोकला लागला तो आजतागायत. माझ्या घरी तो पुन्हा आला नाही. इल्व्हा यायची एकटी, म्हणायची, त्याला बरं नाही. तीन वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा शवपेटीच्या या अंगाला मी आणि त्या अंगाला तो.

भरभराट? झाली ना, नाही कशी म्हणू. महिन्याला एक यॉट पाण्यात, मोठमोठी, छतावर हेलिकॉप्टर उतरेल अशी. मला लोक गल्लीत नमस्कार करायचे. वीस-पंचवीस वर्षं. मग दोन हजार आठ — गिऱ्हाइकं एका हिवाळ्यात नाहीशी झाली, अर्धवट सांगाडे शेडमध्ये तसेच, धाकट्या दिनेल्लीनं फाटकाला कुलूप लावलं आणि फोन उचलणं बंद केलं. रेझिनवाली पोरं तेव्हा फाटकाबाहेर रडत होती. मला रडू आलं नाही. मला वाटलं, आता कळलं ना. वाईट आहे असं वाटणं, पण वाटलं.

झालं. एवढंच. कॉफी घे, गार होतेय. आता कुणाकडे जाणार तू? यादी बघू. हे नाव खोड. नेल्लो बर्तुच्चेल्ली — तिथं जाऊ नकोस, तो दार उघडत नाही कुणाला.

काय?

काल जाऊन आलीस? उघडलं? बसवलं तुला? बरं. काय म्हणाला? नाही, गोड करून सांगू नकोस, तो बोलला तसंच सांग.

...त्या फळ्यांवर त्यानं अंगठा फिरवला होता, म्हणाला? हो. फिरवला होता. पहिल्याच आठवड्यात, खालून वरपर्यंत, मी मचाणावरून बघत होतो. मला वाटलं, काम किती साफ झालंय ते बघतोय. ज्याला फट नाही ते पाण्यात जाणार नाही — हे त्याला नाही कळणार तर कुणाला? चाळीस जणांत एक त्यालाच... आणि बोलला नाही. शेडमध्ये एक शब्द टाकला असता तर दुसऱ्या दिवशी काम बंद पडलं असतं, मला लोकांनी खाडीत फेकलं असतं. का नाही बोलला? विचारलंस का तू त्याला?

काय म्हणाला?

पुन्हा सांग.

‘ओरियानो स्वतः सांगेल म्हणून थांबलो होतो.’

थांबलो होतो म्हणाला, की थांबलोय?

...राहू दे. नको सांगूस. ते यंत्र बंद कर. बंद कर म्हटलं ना. ऊठ, पोरी. जा तू आता.