तीन वर्षं मीच मागितली होती

पगार वेळेवर येतो, मग तक्रार कसली, असं मला क्लबाच्या हापिसातून तीनदा ऐकवलंय. पगार येतो हीच तक्रार आहे. माझी अक्षया एकोणीस वर्षांची, गोलकीपर, आणि आठ महिने घरी बसून पगार घेतेय. क्लबाने मुलींचा संघ बंद केला, पण तिचा करार काही सोडला नाही. थांबते. दाजी डोळे वटारतायत, आधी मान द्यायचा असतो.

तर सभेचे अध्यक्ष, आपल्या मिठबावच्या क्रीडा मंडळाचे दाजी, गोव्याहून क्लबातर्फे आलेल्या व्यवस्थापक विनीता मॅडम, ज्यांना आज निरोप द्यायचा ते सुदेश सर, आणि समोरच्या माझ्या आयाबहिणी नि गाववाले, सगळ्यांना नमस्कार. मी चौथी शिकलेली, मासे विकणारी. भाषणाची सवय नाही.

बावीस वर्षं सरांनी या किनाऱ्यावरून क्लबासाठी खेळाडू शोधले. अक्षया त्यांनाच वाळूत फुटबॉल खेळताना दिसली. करार घेऊन घरी आले तेव्हा म्हणाले, "वयनी, एकाच वर्षाचो करा. पुढचा पुढे बघूया."

मी काय म्हटलं? "वर्षान हाकलून दिलात तर? माका तीन होयी." वर चारचौघांत म्हटलं, सुदेश आमका फसवता.

आमच्याकडे खलाशी अख्ख्या हंगामासाठी ठरवतात. ठरला की तो समुद्रात जाणारच. पगार देऊन खलाशाला किनाऱ्यावर बसवणारा बोटवाला तुम्ही कुणी पाहिलाय? मला वाटलं, तीन वर्षांचा करार म्हणजे तीन वर्षं खेळ.

क्लबाचं तसं नसतं, हे आता कळलं. पुरुषांच्या संघात बाहेरदेशचा खेळाडू आणला, खर्च वाढला, मुलींचा संघ बंद. पण मुलींना सोडायचं नाही. दुसऱ्या क्लबाला मुलगी हवी तर त्याने आधी यांना किंमत मोजायची. केरळच्या एका क्लबाने अक्षयाला मागितलं. त्यांच्याकडे किंमत मोजायला पैसे नाहीत, पण गोलकीपरची जागा रिकामी आहे.

परवा कुणकेश्वरला मुलींचे सामने झाले. करारात दुसरीकडे खेळायला मनाई, म्हणून ही रेषेबाहेर उभी, हातमोजे घालून. मी म्हटलं, मोजे तरी काढ. म्हणाली, "आये, माका पगार नको गो. माका खेळाक होया." करार झाला तेव्हा ती सतराची होती, त्यावर सही माझी आहे.

दाजी म्हणतायत, "गो सावित्री, आज निरोप आसा, भांडान नाय." दाजी, निरोपच देतंय.

सर, तेव्हा चारचौघांत बोलले ते आज सगळ्या गावासमोर मागे घेते. तिला सोडावं म्हणून तुम्ही क्लबात तीन अर्ज केलेत, हेही मला उशिरा कळलं. तुमचं ऐकायला हवं होतं.

मंडळाने मला माइक दिला, उपकार झाले. पुढच्या वेळी देणार नाहीत. तोंडून कमीजास्त गेलं असेल तर पदरात घ्या. आणि विनीता मॅडम, खेळाडू घ्यायची मुदत सोमवारी संपते. अक्षयाला सोडताय की नाही, ते मला शनिवारी दुपारपर्यंत सांगा. 'बघू' हे उत्तर मी घेणार नाही.